टोरंटोतलं 1816 सालचं शेत कसं बघावं

टोरंटोच्या वायव्य टोकाला, जेन स्ट्रीट आणि स्टील्स अव्हेन्यू जिथे मिळतात तिथे, ‘द व्हिलेज अ‍ॅट ब्लॅक क्रीक’ (आधीचं नाव ‘ब्लॅक क्रीक पायोनियर व्हिलेज’) नावाचं जुनं गाव जतन करून ठेवलं आहे. 1960 साली ते लोकांसाठी खुलं झालं. टोरंटो अँड रीजन कन्झर्व्हेशन ऑथॉरिटी ते चालवते. लोहारशाळा, छापखाना, शाळा, चर्च, पाणचक्की असं सगळं इथे आहे, पण यातल्या बहुतेक इमारती दक्षिण ऑन्टॅरिओतल्या ठिकठिकाणांहून उचलून इथे आणून बसवल्या आहेत. मुळापासून याच जमिनीवर उभं आहे ते डॅनियल आणि एलिझाबेथ स्टाँग या जोडप्याचं शेत: पहिलं घर (1816), धान्याचं कोठार (1825), दुसरं घर (1832), डुकरांचा गोठा आणि मांसाला धुरी द्यायची खोली.

फाटकातून आत शिरून रस्ता नेईल तसं फिरलं, तर या पाच इमारती गावाच्या गर्दीत हरवून जातात. चांगला उपाय एकच: शेत ज्या क्रमाने उभं राहिलं त्याच क्रमाने बघायचं. आधी जमीन, मग पहिलं घर, मग कुंपण आणि पेरणी, मग कोठार, मग धुरीची खोली, आणि दुसरं घर सगळ्यांत शेवटी. असं पाहिलं की प्रत्येक इमारत आधीच्या कुठल्या अडचणीवरचं उत्तर आहे ते आपसूक कळत जातं.

जमीन: कुणाची, किती, आणि कशी मोजलेली

हा भाग तेव्हा अप्पर कॅनडा नावाच्या ब्रिटिश वसाहतीत होता. ही वसाहत 1791 मध्ये वेगळी झाली आणि 1793 मध्ये आजच्या टोरंटोच्या जागी यॉर्क नावाचं ठाणं वसवलं गेलं. सरकारने जंगल न तोडताच त्याची मोजणी करून चौकोन पाडले. मोजणीची साखळी 66 फुटांची. दोन समांतर रस्त्यांमध्ये 100 साखळ्यांचं अंतर, म्हणजे सव्वा मैल. त्यातला 20 साखळ्या रुंदीचा पट्टा म्हणजे 200 एकरांचा एक लॉट.

साताऱ्या-नाशकाकडच्या सातबाऱ्याची सवय असलेल्याला हे आकडे परके वाटायचं कारण नाही. मुंबई इलाख्याच्या मोजणीत 33 फुटांची साखळी होती आणि 33 गुणिले 33 फूट म्हणजे एक गुंठा. कॅनडातली साखळी तिच्या बरोबर दुप्पट, म्हणजे तिच्या चौरसात 4 गुंठे आणि असे 10 चौरस झाले की एक एकर. एकर ब्रिटिशांनी दोन्हीकडे नेला. या हिशेबाने एक लॉट 8,000 गुंठ्यांचा होतो.

गाडीने यंग स्ट्रीटवरून स्टील्सने पश्चिमेकडे आलात, तर बाथर्स्ट, डफरिन, कील आणि जेन हे मोठे रस्ते साधारण दोन-दोन किलोमीटरवर लागतात. तो जुना सव्वा मैल अजून तसाच आहे. गाव बघायला सुरुवात खरं तर तिथूनच होते.

ही जमीन रिकामी नव्हती. ब्लॅक क्रीकच्या काठी, इथून जवळच, पंधराव्या शतकातल्या वेंडॅट या मूळनिवासी लोकांच्या गावाचे अवशेष सापडले आहेत. लांबट घरं बांधून ते मका, घेवडा आणि भोपळा पिकवायचे. ब्रिटिश आले तेव्हा हा मुलूख मिसिसागा लोकांचा होता. 1787 च्या आणि मग 1805 मध्ये पक्क्या केलेल्या ‘टोरंटो खरेदी’त ब्रिटिशांनी तो घेतला. 1805 च्या कागदात किंमत लिहिलेली आहे दहा शिलिंग. या व्यवहाराचा दावा 2010 मध्ये मिटला आणि कॅनडा सरकारने मिसिसागा समाजाला 14 कोटी 50 लाख डॉलर दिले. शेत बघताना हे मनात नसेल, तर बघणं अर्धवटच राहतं. म्हणून ते आधी सांगितलं.

सरकारकडून जमीन घेणाऱ्यावर अटी असत. दर 100 एकरांमागे 5 एकर जंगल साफ करून कुंपण घालायचं, 16 फूट बाय 20 फुटांचं घर बांधायचं, आणि लॉटसमोरच्या रस्त्याचा अर्धा भाग मोकळा करायचा. हे सगळं मुदतीत. सुरुवातीची ओंडक्यांची घरं एका साच्यातून काढल्यासारखी दिसतात, त्याचं एक कारण ही अट. 16 बाय 20 म्हणजे 320 चौरस फूट: त्यातच चूल, बिछाने, धान्य आणि अख्खं कुटुंब.

जंगल तोडणं

आज शेताभोवती हिरवळ आहे, त्यामुळे सगळ्यांत मोठं काम डोळ्यांना दिसतच नाही. मेपल, बीच, एल्म आणि उंच पाइन यांचं दाट जंगल इथे होतं. शरद ऋतूत आधी झुडपं काढायची, हिवाळ्यात झाडं पाडायची. हिवाळाच का? पानं गळलेली असतात, डास-माश्या नसतात, आणि ओंडके बर्फावरून ओढायला सोपे जातात. हात बसलेला माणूस आठवडाभरात एक एकर झाडं पाडू शके. पण पाडणं हा कामाचा लहान हिस्सा. फांद्यांचे ढीग करायचे, खोडांचे दहा-बारा फुटी तुकडे पाडायचे, बैल जुंपून ते एकावर एक रचायचे, जाळायचे, उरलेले पुन्हा रचून पुन्हा जाळायचे. सगळं धरून एका कुटुंबाच्या हातून वर्षाला एक-दोन एकरच नवी जमीन निघायची. पहिलं घर 1816 चं आणि दुसरं 1832 चं, यांच्यामधली सोळा वर्षं बरीचशी या हिशेबात गेली.

एक सोपी वाट होती: झाडाची साल बुंध्याशी गोलाकार सोलून काढायची आणि झाड उभ्याउभ्याच वाळू द्यायचं. पहिल्या वर्षी कष्ट वाचायचे, पण पुढची कित्येक वर्षं वाळक्या फांद्या पिकावर, गुरांवर आणि माणसांवर पडत राहायच्या. ज्यांना घाई होती त्यांनी ही वाट धरली आणि त्याची किंमतही मोजली.

जाळलेल्या झाडांची राख हे या शेताचं पहिलं रोख पीक होतं, आणि इथे आलेले फारच थोडे लोक त्याबद्दल विचारतात. मेपल, एल्म, बीच या कठीण लाकडांच्या राखेत पोटॅश हा क्षार भरपूर, पाइनच्या राखेत फार कमी, म्हणून दोन्ही राखा वेगळ्या ठेवायच्या. राख पावसाच्या आत उचलावी लागे. एक सर पडली की पोटॅश विरघळून मातीत जायचं आणि हाती नुसता करडा चिखल उरायचा. तळाला भोकं पाडलेल्या पिंपात काटक्या आणि पेंढ्याचा थर द्यायचा, वर राख दाबून भरायची आणि हळूहळू पाणी ओतायचं. खालून तपकिरी, बुळबुळीत, हात भाजणारं क्षाराचं पाणी गळतं. त्यात अंडं टाकून बघायचं. तरंगलं तर पाणी पुरेसं कडक, बुडालं तर तेच पाणी पुन्हा ताज्या राखेवर ओतायचं. मग जाड बिडाच्या कढईत ते आटवायचं. शेवटी उरलेला काळा क्षार दुकानदार किंवा पोटॅशचा कारखानदार घेई आणि खात्यावर जमा धरी. त्यातून मीठ, चहा, कुऱ्हाडीचं पातं, काच असं न पिकणारं सामान यायचं. तो माल पुढे ब्रिटनच्या साबण, काच आणि कापडाच्या कारखान्यांत जाई. कढई एकदम थंड झाली तर तडकायची, आणि तडकलेली कढई म्हणजे त्या कुटुंबाची एका हंगामाची कमाई गेली.

याच क्षाराच्या पाण्यात चरबी उकळून घरचा साबणही व्हायचा. गावात साबण किंवा मेणबत्त्यांचं प्रात्यक्षिक चालू असेल, तर तिथे हा धागा जोडून घ्या.

पहिलं घर

इथे घाई करू नका. घराच्या बाहेरच्या कोपऱ्याशी उभे राहा आणि दोन भिंतींचे ओंडके एकमेकांत कसे अडकवले आहेत ते बघा. टोकं तिरकी कापलेली असतात, सुतार ज्याला डव्हटेल म्हणतात तशी. तिरकेपणाचे दोन उपयोग. एक, वरच्या ओंडक्याचं वजन पडलं की सांधा आणखी घट्ट बसतो, कोपरा बाहेर ओढला जात नाही. दुसरा, कापाचा उतार बाहेरच्या बाजूला ठेवला की पावसाचं पाणी सांध्यात साचत नाही. उतार उलटा झाला तर पाणी आत मुरतं आणि कोपरा दहा-पंधरा वर्षांत कुजतो. ओंडक्यांच्या घराचं आयुष्य भिंतीवर कमी आणि कोपऱ्यावर जास्त ठरतं.

आता ओंडक्याच्या सपाट बाजूवर तिरपा उजेड पडेल असे उभे राहा. आडव्या लाकडावर थोड्या थोड्या अंतरावर उभे घाव दिसतील. गोल खोड चौकोनी करताना आधी दोरी रंगवून सरळ रेषा मारायची, मग साध्या कुऱ्हाडीने त्या रेषेपर्यंत खाचा पाडायच्या, आणि नंतर रुंद पात्याच्या कुऱ्हाडीने मधला भाग तासून काढायचा. ते घाव त्या खाचांचे. रुंद कुऱ्हाडीला धार एकाच बाजूने असते, पटाशीसारखी, आणि तिचा दांडा किंचित बाहेर वळवलेला असतो. सरळ दांड्याने तासायला गेलं तर बोटांची पेरं लाकडावर सोलून निघतात. गावाच्या संग्रहात अशी कुऱ्हाड दिसली तर दांडा वरून बघा. वळण लगेच कळेल.

ओंडक्यांमधल्या फटी लाकडाच्या ढलप्या ठोकून, वर माती किंवा चुन्याचं लिंपण करून बुजवतात. लाकूड वाळताना आकसतं आणि ऋतूंप्रमाणे फुगत-आकसत राहतं, त्यामुळे लिंपण सुटतं. दर शरद ऋतूत ते पुन्हा करावं लागे, नाहीतर जानेवारीत घरात वारा शिरणार. जतन करणाऱ्यांनाही हे काम सुटलेलं नाही. लिंपणात सिमेंट जास्त झालं तर ते लाकडाबरोबर हलत नाही, त्याच्या कडेला बारीक भेग पडते, भेगेतून पाणी आत जातं आणि सिमेंट ते बाहेर पडू देत नाही. जुन्या घरांचं मोठं नुकसान असल्या ‘पक्क्या’ दुरुस्त्यांनी झालं आहे.

सगळ्यांत आधी कुजतो तो जमिनीलगतचा ओंडका. बर्फ वितळताना आणि पावसाचं पाणी जमिनीवरून उडताना तोच भिजतो. कुठल्याही जतन केलेल्या ओंडकी घरात खालचा ओंडका वरच्यांपेक्षा उजळ, सरळ आणि कमी भेगांचा दिसला, तर तो बदललेला आहे असं समजा. यात फसवणूक नाही. जॅक लावून घर इंच-दोन इंच उचलून तो बदलला नसता, तर वरचे ओंडकेही आज नसते.

आत गेल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. खिडक्या लहान, कारण काच विकत आणावी लागे आणि प्रत्येक खिडकी उष्णता घालवते. दार बुटकं. उघड्या चुलाण्याची बरीचशी ऊब धुराड्यातून वर निघून जायची, त्यामुळे चुलीसमोर अंग भाजायचं आणि पाठीमागे पाणी गोठायचं. लाकडाचा खप प्रचंड होता. लाकूड कॉर्डमध्ये मोजत: 4 फूट रुंद, 4 फूट उंच, 8 फूट लांब रास म्हणजे एक कॉर्ड. अशा कित्येक राशी एका हिवाळ्यात जळायच्या, आणि त्या आदल्या वर्षीच तोडून सुकवलेल्या असाव्या लागायच्या. ओलं लाकूड जाळलं तर उष्णता पाणी उडवण्यातच जाते, आणि धुराड्यात चिकट काजळी साचून एके दिवशी ती पेट घेते.

कुंपण आणि बुंध्यांमधली पेरणी

घरातून बाहेर पडल्यावर नागमोडी लाकडी कुंपण दिसेल. फाडलेल्या लांब लाकडांची टोकं एकमेकांवर ठेवत वाकडंतिकडं नेलेलं, ना खिळा ना खांब. खांब नसण्याचं कारण थंडी. जमिनीतलं पाणी गोठून फुगतं आणि रोवलेला खांब दर हिवाळ्यात थोडा थोडा वर ढकलतं. नागमोडी कुंपण जमिनीवर नुसतं टेकलेलं असतं, ते जमिनीबरोबर वरखाली होतं. शिवाय बुंध्यांनी आणि मुळांनी भरलेल्या जमिनीत खड्डे खणणं महाकठीण. तोटा असा की कुंपणाखाली पाच-सहा फुटांचा पट्टा वाया जातो आणि कोपऱ्याकोपऱ्यात तण माजतं. तेव्हा गुरं-डुकरं जंगलात मोकळी चरत. कुंपण त्यांना आत कोंडण्यासाठी नसून पिकाबाहेर ठेवण्यासाठी होतं.

बुंधे मात्र तसेच राहायचे. मेपल-बीचचे कुजायला सात-आठ वर्षं लागत, पाइनचे राळेमुळे त्याच्या दुपटीहून जास्त. अशा जमिनीत नांगर चालत नाही. फाळ मुळात अडकतो आणि बैलांना झटका बसून जू किंवा दांडा मोडतो. म्हणून गहू हाताने फेकून पेरायचा आणि वरून त्रिकोणी दाताळं फिरवायचं. त्रिकोणाचं टोक पुढे असल्यामुळे दाताळं बुंध्याला धडकलं की बाजूला सरकून पुढे जातं. चौकोनी असतं तर तिथेच अडकलं असतं. शेतीच्या अवजारांत हे दाताळं दिसलं की थांबा. साधं दिसतं, पण या सगळ्या शेतीची सुरुवात त्याच्यावर झाली.

हिवाळी गहू सप्टेंबरच्या सुमाराला पेरत आणि पुढच्या जुलै-ऑगस्टमध्ये कापत. बर्फाची गादी टिकली तर रोप तिच्याखाली सुरक्षित राहतं. मध्येच बर्फ वितळून जमीन उघडी पडली आणि पुन्हा गोठली, तर मुळं उपटली जातात. त्यातून वाचलं तर तांबेरा, नाहीतर हेसियन माशी. विळ्याने एक माणूस दिवसाला फार तर अर्धा एकर कापे. लाकडी बोटांचा पाळणा लावलेल्या मोठ्या कोयत्याने दोन एकरांच्या आसपास. पाळण्यामुळे कापलेला गहू एका बाजूला नीट पडतो आणि पेंढी बांधणाऱ्याचं काम हलकं होतं. एकाच जमिनीत वर्षानुवर्षं गहूच घेतल्यामुळे कस उतरत गेला, आणि ‘नवी जमीन साफ करू’ हेच त्यावर पुष्कळांचं उत्तर होतं. शेणखत वेळेवर पसरवणारे, पिकं फिरवणारे शेतकरी टिकले. पेनसिल्व्हेनियातून आलेली जर्मन वंशाची कुटुंबं याबाबतीत काटेकोर होती. स्टाँग त्यांच्यातलेच.

कोठार

पहिल्या घरानंतर नऊ वर्षांनी कोठार झालं आणि चांगल्या घराला आणखी सात वर्षं लागली. शेताचं अर्थकारण या तीन तारखांत आहे: मोठी इमारत आधी धान्यासाठी, मग माणसांसाठी.

दख्खनमध्ये मळणी उघड्या खळ्यावर होऊ शकते, कारण रब्बी हातात येते तेव्हा आभाळ कोरडं असतं. ऑन्टॅरिओत कापणीपाठोपाठ पाऊस आणि मग बर्फ. म्हणून इथे खळंच छपराखाली आणलं. अशा कोठारांच्या मधोमध घट्ट बसवलेल्या जाड फळ्यांची मळणीची जमीन असते, दोन्ही बाजूंना पेंढ्या रचायच्या जागा, आणि समोरासमोर दोन मोठी दारं. दारं गाडी आत येण्याएवढी मोठी आणि समोरासमोर, कारण दोन्ही उघडली की मधून वारा वाहतो आणि उफणणी आतच होते. फळ्यांमध्ये फट राहिली तर गहू खाली सांडतो आणि उंदरांची सोय होते.

मळायचं अवजार फ्लेल: एक लांब दांडा, त्याला चामड्याच्या वादीने बांधलेला आखूड, जड दांडका. लांब दांडा फिरवून आखूड दांडका पेंढ्यांवर आडवा, पूर्ण लांबीने पडला पाहिजे. टोकाने पडला तर दाणा फुटतो, आणि वादी सैल असेल तर दांडका उसळून मळणाऱ्याच्याच डोक्याला लागतो. एक माणूस दिवसभरात साधारण सात बुशेल गहू मळायचा. बुशेलभर गहू 60 पौंड, म्हणजे 27 किलोंच्या आसपास. मळणी हिवाळाभर थोडी थोडी चाले, एकतर इतर कामं नसत आणि शिवाय कडक थंडीत कणीस कोरडं, ठिसूळ होऊन दाणा सहज सुटतो. पेंढा लगेच गुरांना.

मोठ्या तुळयांची चौकट जिथे जोडली आहे तिथे सांध्याजवळ रोमन आकडे कोरलेले आहेत का ते शोधा. सुतार सगळे भाग जमिनीवर कापून, जुळवून, खुणा करून ठेवत आणि मग गावकऱ्यांच्या मदतीने एका दिवसात चौकट उभी करत. तीन रेघांचं टोक तीन रेघांच्याच खाचेत. सरळ रेघांचे आकडे, कारण पटाशीने गोलाई कोरणं जमत नाही.

धुरीची खोली आणि डुकरांचा गोठा

धुरीची खोली छोटीशी, बिनखिडकीची. डुकरं जंगलात बीचची फळं खाऊन वाढायची, शेवटचे काही आठवडे त्यांना वाटाणे किंवा मका घालून पुष्ट करायचं, आणि पक्की थंडी पडली की नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कापायचं. थंडीची वाट बघण्यामागे कारण आहे. मीठ चोळलं तरी ते मांडीच्या जाड तुकड्यात हाडापर्यंत पोचायला आठवडे लागतात. हवा उबदार असेल तर मीठ पोचण्याआधीच हाडालगतचं मांस आतून नासतं. बाहेरून तुकडा ठणठणीत दिसतो, आत दुर्गंधी. उलट कडाक्याच्या थंडीत मांस गोठलं तर मीठ आत शिरतच नाही. मधली थंडी लागते: गोठू नये आणि नासूही नये.

मुरलेले तुकडे वर टांगून खाली मेपल, सफरचंद किंवा मक्याच्या कणसांच्या दांड्यांचा धुमसता विस्तव ठेवायचा. ज्वाला नको, धूर हवा. विस्तव भडकला तर चरबी वितळून विस्तवावर गळते आणि खोलीच पेटते. पाइन वापरलं तर राळेची कडू चव. धूर मांसाचा वरचा थर सुकवतो आणि माश्यांना दूर ठेवतो, पण टिकवण्याचं मुख्य काम मिठाचं. आत डोकावता आलं तर भिंतींचा काळा, चमकता थर बघा. त्या धुराचा वास अशा जागांतून सहजासहजी जात नाही.

दुसरं घर, आणि चक्की

दुसरं घर पहिल्यानंतर लगेच बघितलं तर ‘जरा मोठं घर’ एवढंच वाटतं. कोठार बघून आलात की त्याचा अर्थ लागतो: खोल्या वेगळ्या झाल्या, पाहुण्यांची बसायची जागा आली. हे सगळं गव्हाच्या पैशातून. चरखे, विणकाम, गोधड्यांचं सामान यांच्याशी थोडा वेळ घालवा. घरातल्या बायकामुलींचं काम नोंदवह्यांत कमी आणि या वस्तूंत जास्त सापडतं.

रॉब्लिन्स मिल ही दगडी पाणचक्की मात्र या शेताची नाही. ती 1842 ची, प्रिन्स एडवर्ड काउंटीतल्या अमेलियासबर्गहून आणलेली. तरी ती चुकवू नका, कारण मळलेल्या गव्हाचं पुढे काय व्हायचं ते इथे कळतं. खालची तळी स्थिर, वरची फिरते, आणि दोन्हींमध्ये कागदाएवढी फट. तळ्या एकमेकींना लागल्या तर ठिणग्या उडतात, पीठ करपतं, आणि पिठाच्या धुळीने भरलेल्या हवेत ठिणगी म्हणजे स्फोट. फट जास्त झाली तर नुसता भरडा. तळ्यांवरच्या खाचा पीठ कडेला ढकलतात आणि हवा खेळवून ते थंड ठेवतात. खाचा बोथट झाल्या की तळी उचलून टाकी लावावी लागते. दात्यांच्या चाकांकडे बघा: अनेक जुन्या चक्क्यांत लोखंडी चाकासमोर लाकडी दाते असतात. आवाज कमी, ठिणगी नाही, आणि काही अडकलं तर एक लाकडी दाता मोडतो, अख्खं चाक वाचतं. अप्पर कॅनडात दळणावळ कायद्याने ठरलेली होती: 1792 च्या कायद्यानुसार चक्कीवाल्याने दळलेल्या धान्याचा बारावा हिस्सा घ्यायचा, त्याहून जास्त नाही.

जुनं किती, नंतरचं किती

कुठलीही जतन केलेली इमारत बघताना दोन खुणा पुरतात. पहिली, खिळे. हाताने घडवलेल्या खिळ्याचं डोकं ओबडधोबड आणि चारही बाजू निमुळत्या. साधारण 1800 नंतरचे यंत्राने कापलेले खिळे आयताकृती, दोनच बाजूंनी निमुळते. तारेचे गोल खिळे दिसले, तर ती दुरुस्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची किंवा त्यानंतरची. दुसरी, करवतीच्या खुणा. पाण्यावर चालणारी जुनी करवत वरखाली चालायची, तिच्या रेघा सरळ आणि समांतर. गोल करवत शतकाच्या मध्यानंतर सर्रास झाली, तिच्या रेघा कमानीसारख्या. फळीवर कमानी दिसल्या तर ती 1816 ची नाही.

जायचं कसं

टोरंटोच्या सबवेच्या लाइन 1 वर पायोनियर व्हिलेज या जुन्या नावाचंच स्टेशन आहे, डिसेंबर 2017 मध्ये सुरू झालेलं. तिथून स्टील्सने पश्चिमेकडे पंधरा मिनिटांच्या आत पायी पोचता येतं. फाटक मरे रॉस पार्कवेवर आहे. ऐन हिवाळ्यात गाव एरवीच्या भेटींसाठी बंद असतं, आणि उघडण्याचे दिवस हंगामाप्रमाणे बदलतात, तेव्हा निघण्याआधी त्यांच्या वेबसाइटवर वार आणि वेळ बघून घ्या. चक्की आणि प्रात्यक्षिकं रोज चालतातच असं नाही. ती बघायची असतील तर तेही आधी विचारा.

शेत आणि चक्की नीट बघायला तीन तास हवेत. शाळांच्या सहली सकाळी येतात, म्हणून आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारची वेळ शांत मिळते. वाटा खडीच्या आणि मातीच्या आहेत, पावसानंतर चिखल होतो, उंबरे उंच आणि जिने अरुंद. बाबागाडीपेक्षा मूल पाठीवर बांधलेलं बरं, आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर वरच्या मजल्यांचा आग्रह धरू नका. जुन्या पोशाखातले कार्यकर्ते प्रश्नांना छान उत्तरं देतात, फक्त प्रश्न नेमका विचारा. ‘तेव्हा लोक कसे राहायचे?’ यापेक्षा ‘यातला कुठला ओंडका बदललेला आहे?’ किंवा ‘ही आग आज कुठल्या लाकडाची?’ असं विचारलंत तर माणूस काम बाजूला ठेवून बोलायला लागतो.

उंच गवतात आणि ओढ्याकडच्या झाडीत गोचिडी असतात, आणि त्यातल्या काळ्या पायांच्या गोचिडीपासून लाइम रोग होऊ शकतो. मे ते ऑक्टोबरमध्ये पाय झाकणारे फिकट कपडे घाला, विजार मोज्यात खोचा, आणि घरी गेल्यावर गुडघ्यामागे, काखेत, मुलांच्या केसांत नीट बघा. चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, पिळू नका, तेल लावू नका, आणि काढलेली गोचीड डबीत ठेवून डॉक्टरांना दाखवा.